कुलपाला हात न लावता

तिला ‘जरा’ हा शब्द चालायचा नाही. ‘थोडं’, ‘बघू’, ‘पलीकडं’, ‘येतोच की’ हेही चालायचे नाहीत. आता कोल्हापूर जिल्ह्यात राहून हे शब्द टाकायचे म्हणजे माणसाने बोलणंच सोडायला हवं. ती आमच्या शाळेत संगणक शिकवायला आली त्या पहिल्याच दिवशी मी स्टाफरूममध्ये तिला म्हटलं, “मॅडम, ती खिडकी जरा उघडा की.” ती उठली, खिडकी बोटभर उघडली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “एवढी, का अजून?” मी म्हटलं, “अजून.” तिने आणखी बोटभर उघडली आणि पुन्हा माझ्याकडे बघत उभी राहिली. शेवटी मीच उठले आणि खिडकी सताड उघडली. “मग ‘पूर्ण उघडा’ असं सांगायचं की,” ती म्हणाली आणि शांतपणे डबा खायला बसली. मला ती त्या दिवशी अजिबात आवडली नाही.

मी त्या शाळेत मराठी शिकवते. गडहिंग्लजच्या अलीकडे हमरस्त्याला लागून आमची शाळा, शाळेसमोर एसटीचा थांबा आणि थांब्यामागे ऊस. ती कुरुंदवाडची. संगणकाची पदवी घेऊन मानधनावर लागली होती, म्हणजे वर्षावर्षाच्या बोलीने. साडीला खिसा नसतो याचा तिला राग होता, म्हणून तिने जुन्या परकराच्या कापडाची एक पिशवी शिवून कमरेला अडकवली होती आणि त्यात कायम एक स्क्रूड्रायव्हर असायचा. वर्गातला पंखा कुरकुरला, की ही बाकावर चढलीच म्हणून समजा. समोर आम्ही तिला मॅडम म्हणायचो, पाठीमागे ‘ती बाई’. इथे मी ‘ती’ म्हणते, कारण आदरार्थी बोलायला लागलं की ती माझ्या डोळ्यांसमोर उभीच राहत नाही.

आमच्या लॅबबद्दल सांगितलंच पाहिजे. कागलच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने शाळेला संगणक भेट दिले होते. संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी त्यांच्यासाठी खोलीला फरशी बसवली, पडदे लावले आणि नवीन सागवानी दार केलं. शिवणाच्या तासाला मुलींनी प्रत्येक संगणकासाठी झालर लावलेला अभ्रा शिवला, त्यावर गुलाब काढले. आणि मग खोलीला कुलूप घातलं. पोरांनी हात लावला तर बिघडतील, हे कारण. खंडेनवमीला अभ्रे काढून यंत्रांना हळदीकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. वर्षातून एकदा कंपनीचे लोक यायचे, त्या दिवशी अभ्रे काढून पोरांना समोर बसवायचं आणि फोटो काढायचे. एरवी नववीची पोरं वहीत माऊसचं चित्र रंगवायची आणि आद्याक्षरांची लांबलचक इंग्रजी रूपं पाठ करायची. पेपर त्यावरच निघायचा आणि सगळी पास व्हायची. मी स्वतः हे इतकी वर्षं बघत होते आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं, कारण शाळेत असंच असतं.

तिने पहिल्या दिवशी किल्ली मागितली. हेडसर म्हणाले, “बघू की. साहेबांना विचारतो.”

“किती वाजता विचारणार?”

हेडसरांनी आयुष्यात असा प्रश्न ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर ती पुन्हा त्यांच्यासमोर. “विचारलं का सर? व्हय का न्हाय?” तिसऱ्या दिवशीही तेच. पुढे पुढे ती दिसली की हेडसर ऑफिसमध्ये शिरून शिपाईमामांना दारात उभं करायला लागले. पण चेअरमनसाहेबांना विचारायची त्यांची छाती नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. संस्थेची एक शाळा डोंगरात आहे, जिथे जायला दिवसातून एकच एसटी. जास्त बोलणाऱ्या शिक्षकाची बदली तिकडे व्हायची. त्यामुळे आमच्या स्टाफरूममध्ये हवापाण्यावर फार चांगल्या चर्चा होत.

किल्ली मिळेना, तशी तिने मैदानावर वर्ग भरवला. संगणकाशिवाय संगणक. “मी यंत्र हाय,” ती पोरांना म्हणाली. “मला डोकं न्हाई. तुम्ही सांगाल तेवढंच करणार. मला नळावर न्या.” एक पोरगं ओरडलं, “चाला.” ती चालायला लागली. नळ डाव्या हाताला होता, ही सरळ गेटकडे. वळा म्हणायचं कुणाला सुचेना, नुसती हसाहशी. ती गेटातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला, थांब्यावर उभ्या एसटीच्या ड्रायव्हरने हॉर्न मारला, तरी ती चाललीच. उसात शिरली तेव्हा पोरांचं हसू थांबलं. नववीतली एक बुटकी मुलगी चपला सोडून धावत सुटली आणि बांधावरून ओरडली, “मॅडम, थांबा. मागं वळा. रस्ता आला की थांबा, गाडी बघा, मग चाला.” ऊस हलला आणि आमच्या मॅडम उसाच्या पातीने हात कापून घेऊन परत आल्या. थांब्यावर एक म्हातारा विचारत होता, “पावणं, हे काय नाटक हाय का शाळेचं?”

“व्हय,” ती म्हणाली, “पण आज पाठ झालं न्हाई.”

हेडसरांनी तिला सुनावलं. ती म्हणाली, किल्ली द्या, मग मी उसात जाणार नाही. त्यांनी पाणी मागवलं.

ती बुटकी मुलगी पुढे या सगळ्याच्या मध्यभागी आली, म्हणून तिच्याबद्दल सांगते. घरी म्हशी, बाप दूध डेअरीला घालणारा, आई पहाटेपासून गोठ्यात. मुलगी वर्गात कधी तोंड उघडायची नाही. मॅडमनी पोरांना घरचं एक काम पायरीपायरीने कागदावर लिहायला सांगितलं आणि मग दुसऱ्या दिवशी डोकं न वापरता, कागदावरचं वाचून तेच काम करायला सांगितलं. हिने म्हशीची धार लिहिली. दुसऱ्या सकाळी कागद समोर धरून धार काढायला बसली आणि म्हशीने बादलीसकट तिला उडवली. बाप तडक शाळेत.

“मॅडम, कॉम्पुटर शिकिवताय का म्हशी बिघडवताय?”

ती मुलीकडे वळली. “कुठं चुकलं?”

“रेडकाला आधी पाजायचं लिवायचं र्‍हायलं,” मुलगी म्हणाली.

“मग लिही.” आणि बापाला म्हणाली, “दादा, दूध सांडलं त्याचं मला वाईट वाटतंय. पण आता ही ती पायरी कधी इसरायची न्हाई बघा.” बाप म्हणाला, “येवढ्यासाठी माझी म्हस कशाला लागली वो? आमच्या हेडसरांचं काम लिवायचं की. तेला कागद बी लागला नसता.” मी व्हरांड्यात उभी होते. हसू आवरायला मला आत जावं लागलं.

मला मात्र ती अजून पसंत नव्हती, आणि कारण माझ्या विषयातलं होतं. मी नववीला ‘माझी आई’ हा निबंध दिला. माझी पोरं निबंध छान लिहायची, म्हणजे मी सांगितलेला तसाच्या तसा उतरवायची. त्या वर्षी गठ्ठा उघडला तर निम्म्या वह्यांत क्रमांक घातलेले. आई उठते. जर दूधवाला आला नसेल तर आई वाट बघते. मी लाल पेन घेऊन एकेक फुलीच मारत सुटले. त्यात त्या बुटकीची वही आली. तिचं शेवटचं वाक्य होतं, “जोपर्यंत घरातले सगळे जेवत नाहीत, तोपर्यंत आई विचारत राहते, सगळे जेवले का.” एवढंच. मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं ‘माझी आई वात्सल्याची मूर्ती आहे’ हे वाक्य तपासत आले होते आणि माझी स्वतःची आई मला आत्ता पहिल्यांदा निबंधात दिसली.

मी ती वही घेऊन मॅडमकडे गेले. भांडायला गेले होते की दाखवायला, मलाच कळलं नाही. तिने वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “ह्यात एक अडचण हाय,” ती म्हणाली. “बाप रात्री डेअरीवर जेवला, तर? ‘सगळे’ कधी होतच न्हाईत. थांबायची अट चुकली. अडकली बघा हिची आई.”

ती बाई संगणकाबद्दल बोलत होती, पण मला ते माझ्या आईबद्दल बोलल्यासारखं ऐकू येत होतं. तिथून पुढे मी डबा तिच्याशेजारी बसून खायला लागले.

मग फोटोचा दिवस आला. अभ्रे निघाले. हेडसरांनी पोरांना बजावलं होतं, साहेबांनी विचारलं तर म्हणायचं, ‘मी पत्र टाइप करते आहे.’ कंपनीचे साहेब लोक आले, त्यांच्याबरोबर फोटोग्राफर, मागे चेअरमनसाहेब कडक इस्त्रीत. एक तरुण अधिकारी त्या बुटकीच्या खुर्चीमागे थांबला आणि म्हणाला, “काय करतेस बाळ?”

“काय न्हाई सर. फोटोला बसलोय.”

“म्हणजे?”

“मशीन बंद हाय. फोटो झाला की परत झाकायचं.”

आमच्याकडच्या मुली ‘बसलोय’, ‘जातो’ असंच बोलतात, त्यात उद्धटपणा नसतो. तिच्या आवाजातही नव्हता. त्या अधिकाऱ्याने चेअरमनसाहेबांकडे बघितलं आणि म्हणाला, “चालू करा ना एक.” लॅबचा मेन स्विच कुठे आहे हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. हेडसर पडद्यामागे शोधत राहिले. पाहुणे चहा अर्धा टाकून निघून गेले.

त्यानंतर ऑफिसमध्ये आम्हा सगळ्यांना बोलावणं आलं. चेअरमनसाहेब बसले नव्हते, उभेच होते. म्हणाले, सोमवारी प्रार्थनेला त्या पोरीने सगळ्या शाळेसमोर माफी मागायची, मी खोटं बोलले म्हणायचं. नाहीतर दाखला घेऊन घरी जायचं. मी त्या घराला ओळखत होते. दुसरी शाळा गडहिंग्लजला, एसटीने. दाखला हातात आला असता तर त्या मुलीचं शिक्षण त्याच दिवशी गोठ्यात संपलं असतं.

“ती खोटं बोलली का?” आमची मॅडम म्हणाली.

“शाळेची अब्रू घालवली तिनं.”

“ते न्हाई विचारलं. खोटं बोलली का? व्हय का न्हाय?”

“तुम्हाला ठेवायचं का काढायचं, ते माझ्या हातात हाय मॅडम.”

“हाय की. पण आधी ह्याचं उत्तर द्या.”

साहेबांनी शिपाईमामांकडून जुनं कुलूप काढवलं, स्वतःच्या गाडीतून आणलेलं मोठं कुलूप लॅबच्या दाराच्या अल्ड्रॉपला, त्या आडव्या लोखंडी कडीला, घातलं आणि किल्ली खिशात टाकली. “आजपास्नं माझ्या परवानगीशिवाय ह्या कुलपाला कुणी हात लावायचा न्हाई. समजलं का?”

“कुलपाला न्हाई लावायचा,” ती म्हणाली. “समजलं.”

सोमवारी प्रार्थनेची घंटा झाली. रांगा लागल्या आणि नववीची जागा रिकामी. मुलीच्या बापाला बोलावलं होतं, तो गेटापाशी टोपी हातात घेऊन उभा होता. हेडसर इकडेतिकडे बघत होते, तेवढ्यात लॅबच्या बाजूने टाळ्यांचा आवाज आला. आम्ही सगळे तिकडे धावलो. साहेबांची गाडीही त्याच वेळी आत आली.

लॅबचं दार व्हरांड्यात भिंतीला टेकून उभं होतं. सागवानी, पॉलिश केलेलं, अल्ड्रॉपसकट, कुलूप जसंच्या तसं लागलेलं. आत अभ्रे घड्या करून खिडकीत ठेवलेले, मेन स्विच सापडलेला, पंखा चालू, आणि एकेका संगणकासमोर तीन-तीन, चार-चार पोरं एकमेकांच्या अंगावर पडून मॅडमनी दिलेल्या कागदावरचं टाइप करत होती. पोरांना अक्षरं सापडत नव्हती. “बी कुठाय रं, बी?” असा गोंधळ चालला होता. जे टाइप व्हायचं ते चुकायचं, यंत्र इंग्रजीत काहीतरी तक्रार करायचं आणि पोरं टाळ्या वाजवायची. इतका आनंद मी त्या शाळेत गॅदरिंगलासुद्धा बघितला नव्हता.

चेअरमनसाहेब चौकटीत येऊन थांबले. किल्ली त्यांच्या हातात होती. “हे कुणी केलं? कसं केलं हे?”

बुटकी उठून उभी राहिली. तिला वाटलं, विचारलंय तर सांगायला पाहिजे.

“आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू काढायचे, सर. पट्ट्या बाहेरनंच ठोकल्यात, सोपं हाय. मग मधल्या. खालच्या काढताना चौघांनी दार धरायचं, न्हाईतर पायावर पडतंय. मग बिजागरीच्या अंगानं बाहेर ओढायचं. अल्ड्रॉपची दांडी आपोआप निघती. कुलपाला हात लागत न्हाई. स्क्रू डब्यात ठेवल्यात.”

कुणी हसलं नाही, कारण हसायची सोय नव्हती. साहेब तिच्या बापाकडे वळले. “बघितलंत तुमच्या पोरीचं?”

“बघतोय की सायेब,” बाप म्हणाला. तो आत मान घालून संगणकाच्या पडद्याकडे बघत होता. “चालू झालं की मशीन.”

“क्लार्क, दाखला काढा हिचा.”

“काढा,” आमची मॅडम म्हणाली. तिच्या कपाळावर लाकडाचा भुसा चिकटला होता आणि आवाज मुळीच चढला नव्हता. “दाखल्यावर शाळा सोडल्याचं कारण लिवायला जागा असती. तिथं लिहा, खरं बोलली म्हणून. आन खाली सही तुम्ही करा. पुढच्या शाळेला वाचू दे. माफी ती मागणार न्हाई, आन मी बी मागणार न्हाई.”

क्लार्क पेन उघडून उभा राहिला, पण हात पुढे होईना. साहेबांनी एकदा पोरांकडे पाहिलं, एकदा बापाकडे, एकदा आम्हा मास्तरलोकांकडे. आम्ही नेहमीसारखे पायांकडे बघत नव्हतो, मला वाटतं तेवढंच त्या दिवशी वेगळं होतं. दाखला निघाला नाही. ती मुलगी दहावी आमच्याच शाळेत झाली.

मॅडमला मात्र काढलं, त्याच दिवशी दुपारी. तिला काढायला कारण लागत नव्हतं. मानधनावरच्या माणसाच्या कागदावर कारण लिहायला जागाच नसते. हे मला तेव्हाही संतापजनक वाटलं आणि आजही वाटतं. चार वाजताच्या एसटीला मी तिच्याबरोबर थांब्यावर उभी होते. मला रडू येत होतं, तिला नाही. “मुलांना सांगा, एका मशीनवर दोघंच बसा,” ती म्हणाली. “तिसऱ्याला काय दिसत न्हाई.” गाडी आली, ती चढली आणि खिडकीतून हात वगैरे काही न करता कंडक्टरशी सुट्या पैशांवरून वाद घालायला लागली. आता ती कुरुंदवाडला स्वतःच्या घराच्या पडवीत क्लास घेते. फोन केला तर ‘कशी आहेस’ला उत्तर देत नाही, म्हणते, “कशाबद्दल विचारताय? तब्येतीबद्दल, का पोरांबद्दल?”

तिला काढल्यावर दोनच दिवसांनी साहेबांनी सुताराला पाठवलं. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत होते. व्हरांड्यात हातोडीचा आवाज आला तशी मी पुस्तक उपडं ठेवून बाहेर आले. सुतार दाराच्या पट्ट्या तपासत बसला होता. आत नववीची पोरं काम थांबवून बघत होती, एकेका यंत्रासमोर दोघं दोघं.

“दार बसवायचं नाही,” मी म्हटलं.

“बाई, सायबांनी सांगितलंय.”

“त्याला चार पाय लावा. अडीच फूट उंचीचे. आत टेबल कमी पडतंय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “चेष्टा करताय व्हय गरिबाची?”

“नाही.”

“आन सायबांनी इचारलं, कुणी सांगितलं म्हणून? काय सांगू?”

माझ्या डोळ्यांसमोर डोंगरातली ती शाळा आली, दिवसाची ती एक एसटी आली. मी त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, आणि त्याने पिशवीतून करवत काढेपर्यंत तिथून हलले नाही.